शेऱ्याचा रकाना

गेल्या संक्रांतीच्या आदल्या दिवशीं आमच्या घरीं एक प्रकार घडला. वरवर पाहतां तो अगदीं क्षुल्लक होता. त्यांत कोणाचें नुकसान झालें नाहीं, कीं कोणास बक्षीस मिळालें नाहीं. परंतु त्या दिवसापासून आमच्या मनास जी रुखरुख लागली आहे, ती चारचौघांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ज्या घरांत शिकणारीं मुलें आहेत, आणि त्या मुलांना शहाणें करून सोडण्याची हौस असलेलीं आमच्यासारखीं वडील माणसेंही आहेत, त्या घरांतील वाचकांनीं ही हकीकत आपलीच समजून वाचावी.

आमचें कुटुंब एकत्र आहे. मातुश्री नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांच्या खालोखाल आम्ही, आमची सौभाग्यवती, धाकटे बंधु, भावजय आणि दोघांचीं मिळून मुलेंबाळें. बंधूंची थोरली मुलगी पुण्यास एका अभियांत्रिकी महाविद्यालयांत स्थापत्यशाखेच्या तिसऱ्या वर्षांत आहे. डिसेंबरांत तिच्या वर्गाची मोजणीची छावणी मुळशीकडील एका खेड्यांत दहा दिवस पडली होती. ती आटोपून मुलगी सणासाठीं घरीं आली, ती चिखलाचे बूट, मळके कपडे आणि भलतीच भूक घेऊन. भावजयीनें धुणें काढण्यासाठीं पिशवी उपडी केली, तेव्हां तींतून कापडी पाठीची एक लांबट वही पडली. ती भिजूं नये म्हणून भावजयीनें ती आमच्या मेजावर आणून ठेवली. शिक्षकाच्या हातीं वही पडली म्हणजे ती उघडली जाणारच. अडतीस वर्षांची खोड ती, निवृत्त झाल्यानें थोडीच सुटते!

मोजणीच्या या वहीस लेव्हल-बुक म्हणतात. तिची रीत पुतणीनें मागाहून आम्हांस समजावून दिली. ज्यांच्या घरीं कोणी स्थापत्यविशारद नाहीं, त्यांच्यासाठीं ती थोडक्यांत सांगतों. तिवईवर दुर्बीण बसवून ती पाणसळींत आणावयाची. एकानें चार मीटर उंचीची, बारीक खुणा रंगविलेली पट्टी नेमक्या जागीं उभी धरावयाची. आणि दुर्बिणींतील आडवी रेघ पट्टीवर जेथें पडेल, तो आकडा वहींत टिपावयाचा. दुर्बीण मांडल्यावर ठाऊक उंचीच्या ठिकाणीं घेतलेलें पहिलें वाचन तें बॅकसाइट, आणि ती उचलण्यापूर्वीं घेतलेलें शेवटचें तें फोरसाइट. दिवसअखेर सर्व बॅकसाइटांच्या बेरजेंतून सर्व फोरसाइटांची बेरीज वजा केली, कीं ती वजाबाकी शेवटच्या व पहिल्या ठिकाणांच्या उंचींतील फरकाइतकी आलीच पाहिजे. न आल्यास आकडेमोड चुकली म्हणून समजावें. या वहींत रबर वापरण्याची सक्त मनाई असते. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ ओढावयाची, खोडलेला आकडाही वाचतां आला पाहिजे, आणि बरोबर आकडा त्याच्या माथ्यावर लिहावयाचा. हा नियम ऐकून आम्ही चकितच झालों. आम्हीं तर जन्मभर मुलांना स्वच्छ खोडावें कसें, हेंच शिकविलें होतें.

या वहीच्या अगदीं उजव्या बाजूस एक अरुंद रकाना असतो, तो शेऱ्याचा. "देवळाची पायरी", "ओढ्याचा तळ", "मोरीचा कठडा", एवढेंच त्यांत लिहावयाचें, म्हणजे आकडा कोठला तें उद्यां कळेल. पुतणीच्या वहींत पहिले दोन दिवस असेंच होतें. तिसऱ्या दिवशीं मात्र सातव्या खुंटीपुढें लिहिलें होतें : "म्हातारीचें अंगण. विचारते, घर कधीं पाडणार?" चवथ्या दिवशीं : "खुंटीभोंवतीं सारवलें आहे." पांचव्या दिवशीं : "खुंटीला हळदकुंकू. म्हणे, घेणारच असाल तर घ्या, पण रागावून घेऊं नका." सहाव्या दिवशींचा शेरा रकान्यांत न मावतां शेजारच्या उंचीच्या रकान्यांत शिरला होता. मुलींनीं त्या बाईस समजावून सांगितलें होतें कीं हा नुसता अभ्यास आहे, येथें रस्ता वा धरण कांहीं एक व्हावयाचें नाहीं. परंतु बाईस तें पटलें नव्हतें. तिच्या सासऱ्यांकडून तिनें ऐकलें होतें कीं पूर्वींही प्रथम अशींच दुर्बीणवालीं माणसें आलीं होतीं. मुळशीच्या खोऱ्यांत १९२१ सालीं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापति बापटांनीं त्याचें पुढारीपण केलें, आणि तरीही धरण होऊन जमिनी पाण्याखालीं गेल्या, हा इतिहास सर्वविश्रुत आहे. त्या मुलखांतील माणसांस खुंटी म्हणजे काय, तें शिकवावें लागत नाहीं.

शेवटच्या दिवशींचा शेरा असा : "खुंट्या उपटल्या. म्हातारी म्हणाली, मग इतक्या रात्री मला जागं कशाला ठेवलंत?"

त्याखालीं प्राध्यापकांची हिरव्या शाईंतील सही आणि दोन वाक्यें : "वाचनें बरोबर, ताळा जमतो. शेरे वेगळ्या वहींत पुरे करावेत."

आम्हीं ती वही दोनदां वाचली. नंतर दिवा मालवून अंथरुणावर पडलों, पण झोंप येईना. याचें कारण सांगावयाचें म्हणजे सात वर्षांपूर्वींची एक गोष्ट सांगणें भाग आहे.

ही मुलगी लहानपणीं फार लिही. जुन्या रोजनिशा, दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानांचे गठ्ठे, लग्नपत्रिकांच्या मागल्या बाजू, कांहीं म्हणून तिच्या तावडींतून सुटत नसे. माजघरांतल्या फडताळावर तिची स्वतःची एक जागा होती, व तेथें ही सारी संपत्ति दोरीनें बांधून ठेवलेली असे. सातवींत असतांना तिनें एक गोष्ट लिहिली. आमच्या परसांत एक आड आहे. घरीं नळ आल्यापासून त्याचें पाणी कोणी ओढीत नाहीं. वर्षांतून एकदां नारळ ठेवतों, एवढाच त्याचा मान. तर हा आड रुसतो, आणि एका रात्रीं उठून गांवांतून चालूं लागतो, अशी ती कल्पना होती. सोळा पानें भरलीं होतीं. ती मोठ्या उत्साहानें आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, वाचून बघा ना."

वाचून बघण्याऐवजीं आम्हीं ती तपासली. या दोन क्रियांत जें अंतर आहे, तें त्या वेळीं आमच्या ध्यानांत नव्हतें. तांबडें पेन घेऊन बसलों, ऱ्हस्वदीर्घाच्या अडतीस चुका काढल्या, त्यांची संख्या पहिल्या पानावर वर्तुळांत लिहिली, आणि समासांत शेरा मारला : "आड चालत नाहीं. कल्पनेस मर्यादा असावी." मुलीनें वही घेतली, "बरं काका" म्हणाली आणि गेली. रडली नाहीं, रागावली नाहीं. त्यामुळें आमचा असा समज झाला कीं आमचा उपदेश तिला मानवला. पुढें ती कांहीं लिहितांना दिसेना. आम्हीं म्हटलें, अभ्यासाला लागली. दहावीच्या वर्षीं फडताळ आवरतांना तो दोरीचा गठ्ठा आम्हींच रद्दीवाल्यास दिला. तिला विचारलें होतें. ती म्हणाली, "द्या, त्यांत कांहीं नाहीं."

नंतरचीं वर्षें आपणां सर्वांच्या घरीं जशीं जातात तशीं गेलीं. दहावी, बारावी, प्रवेशपरीक्षा. निबंधाला तिला मार्क मात्र भरपूर मिळत. ते निबंध आम्हीं पाहिले आहेत. "फाटक्या पुस्तकाचें आत्मवृत्त", "मी पंतप्रधान झालों तर", "पावसाळ्यांतील एक दिवस", हे विषय आमच्या वेळीं होते, आजही बहुधा आहेत. आणि त्यांचीं उत्तरें मार्गदर्शकांत छापून येतात. सुरुवातीस एक सुभाषित, मध्यें तीन मुद्दे, शेवटीं एक संकल्प. ज्या मुलानें जन्मांत फाटकें पुस्तक निरखून पाहिलें नाहीं, तेंही त्याचें आत्मवृत्त लिहून दहापैकीं आठ गुण मिळवितें. आम्हींही असे आठ आठ गुण हजारों मुलांना वांटले आहेत, आणि जें मूल खरोखरच कांहीं वेगळें लिही त्याला विषय सोडल्याबद्दल सहा दिले आहेत. वरिष्ठांचें धोरण, तपासणीची घाई, वर्गांतील साठ साठ मुलें, या सबबी खऱ्या आहेत. पण रात्रीं दोन वाजतां अंथरुणांत त्या फारशा उपयोगीं पडत नाहींत.

सकाळीं उठल्यावर आम्हीं कपाटांतून राजशेखराची काव्यमीमांसा काढली. आमचें शिक्षण म्हणजे जुनी अकरावीची शालान्त परीक्षा आणि नंतर पाठशाळेंतील संस्कृत, एवढेंच. त्यामुळें अडचणीच्या वेळीं आमचा हात सहजच तिकडे जातो. हा ग्रंथकार सुमारें हजार-अकराशें वर्षांपूर्वींचा. कनोजचा राजा महेंद्रपाल याचा तो गुरु, परंतु कुळ महाराष्ट्रांतलें. अठरा अधिकरणांचा मोठा ग्रंथ त्यानें योजला होता, त्यांतलें पहिलेंच आज उपलब्ध आहे. तें १९१६ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत पहिला ग्रंथ म्हणून छापलें गेलें. अलंकारशास्त्राचे इतर ग्रंथ काव्य कसें असावें तें सांगतात. हा गृहस्थ कवीनें सकाळीं उठून काय करावें, त्याच्या जवळच्या पेटींत फळी, खडू, लेखणी, दौत आणि भूर्जपत्रें कशीं असावींत, येथपर्यंत शिरतो. दिवसाचे त्यानें चार प्रहर पाडले आहेत. पहिल्यांत अध्ययन, दुसऱ्यांत रचना, भोजनोत्तर तिसऱ्यांत मित्रांबरोबर काव्यचर्चा, आणि चवथ्यांत सकाळीं रचलेल्याची तपासणी. तपासणी निराळ्या वेळीं कां, याचें कारणही तो देतो : रसाच्या आवेशांत लिहिणाऱ्याची दृष्टि विवेचक नसते, म्हणून मागाहून पाहावें. दुसरा प्रहर आणि चवथा प्रहर यांची गल्लत करूं नये, एवढा साधा नियम. आम्हीं सातवींतल्या मुलीच्या दुसऱ्या प्रहरांत चवथ्या प्रहराचें तांबडें पेन घेऊन शिरलों होतों.

पुढें तर त्यानें आमचें चित्रच काढून ठेवलें आहे. लिहिणाऱ्याची प्रतिभा ती कारयित्री, आणि वाचणाऱ्याची ती भावयित्री, असे दोन प्रकार करून तो वाचणाऱ्यांचेही चार वर्ग सांगतो. एकाला कांहींच रुचत नाहीं, तो अरोचकी. दुसरा गवतासकट सर्व गिळतो, तो सतृणाभ्यवहारी. तिसरा मत्सरी. आणि चवथा तत्त्वाभिनिवेशी, म्हणजे मर्म जाणणारा. हा हजारांत एखादा सांपडला तर सांपडतो. घरोघरचे वडील बहुधा पहिल्या दोन वर्गांत मोडतात. आम्ही अरोचकी, आणि आमच्या सौभाग्यवती आल्यागेल्यापुढें नातवंडांच्या कविता म्हणवून घेतात, त्या दुसऱ्या वर्गांतल्या. (त्यांनीं हा मजकूर वाचला आहे, व त्यांचें म्हणणें असें कीं गवत खाऊन कोणी उपाशी तरी मरत नाहीं.)

दुपारीं मुलगी वही शोधूं लागली. ती आमच्या मेजावर पाहून एकदम थबकली.

"काका, तुम्हीं वाचलीत?"

या तीन शब्दांत पूर्वींचा उत्साह नव्हता. भीति होती. वीस वर्षांची, दहा दिवस उन्हांत राबून आलेली मुलगी, आणि तिच्या डोळ्यांत आमच्या पेनाचें भय अजून जसेंच्या तसें होतें. आम्हीं काय बोललों तें आतां नीट आठवत नाहीं. एवढें खरें कीं, "तुझ्या प्राध्यापकांनीं सांगितलें आहे तसें कर," असें कांहींसें आम्हीं म्हणालों, आणि कपाटांतली एक कोरी वही तिच्यापुढें ठेवली. तिनें ती घेतली, पण खोलीबाहेर जातांना विचारलें, "तपासणार नाहीं ना?"

"तूं सांगशील तेव्हां."

त्या रात्रीं जेवणाच्या पंक्तीस हा विषय निघालाच. बंधु व्यवहारी आहेत. त्यांनीं कर्ज काढून मुलीची फी भरली आहे. ते म्हणाले, "दादा, शेरे पुरे करायला मी पैसे भरले नाहींत. आधीं पदवी होऊं द्या, मग खुशाल गोष्टी लिहूं दे." भावजय कांहीं बोलली नाहीं, पण तिचेंही मत तेंच असावें. आम्हीं हरि नारायण आपट्यांचें उदाहरण काढलें. विद्यार्थिदशेंतच आगरकरांच्या विकारविलसितावर, म्हणजे त्यांनीं १८८३ सालीं केलेल्या हॅम्लेटच्या भाषांतरावर, आपट्यांनीं लांबलचक टीका लिहिली. १८८५ सालीं पुणेवैभवांतून त्यांची मधली स्थिति ही कादंबरी येऊं लागली. गणितानें त्यांना दगा दिला व पदवी राहिली ती राहिलीच. पण १८९० सालीं करमणूक निघालें, आणि पण लक्षांत कोण घेतो? घरोघर वाचली गेली. हें ऐकून बंधु म्हणाले, "त्यांना सांभाळायला कोणी होतें कीं नाहीं?" प्रश्न अगदीं रास्त होता. आपट्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनीं आनंदाश्रम स्थापन केला होता, व त्याची व्यवस्था हरिभाऊंकडे आली. प्रत्येकाच्या चुलत्याचा आनंदाश्रम नसतो. या मुलीच्या चुलत्यापाशीं तर निवृत्तिवेतन आणि एक बंद पडलेला आड, एवढीच इस्टेट आहे.

तेव्हां पदवी सोडून लेखणी धरावी असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं, आणि मुलीचेंही नाहीं. उलट आमच्या असें ध्यानांत आलें कीं, तिला जें पुन्हां सुचूं लागलें तें मोजणीच्या शिक्षणामुळेंच सुचलें. काव्य कशानें होतें, याचें उत्तर मम्मटानें शक्ति, निपुणता आणि अभ्यास असें दिलें आहे. आणि निपुणता ज्यांच्या अवलोकनानें येते त्यांत त्यानें पहिला शब्द "लोक" हा घातला आहे, शास्त्र आणि काव्य त्यानंतर. बारा वर्षें वर्गांत बसून या मुलीनें लोक पाहिला नव्हता. एका अंगणांत तासन् तास पट्टी ताठ धरून उभें राहावयाचें, हलावयाचें नाहीं, आणि समोर जें असेल तें पाहत राहावयाचें, हें तिच्याकडून कोणत्याही मराठीच्या मास्तरानें करून घेतलें नव्हतें. मोजणीच्या मास्तरानें करून घेतलें. दिगंबर बाळकृष्ण मोकाशी रेडिओ-दुरुस्तीचा व्यवसाय करीत. त्यांनीं वारीबरोबर पायीं जाऊन पालखी लिहिली. यंत्रें उघडून दोष शोधणाऱ्या माणसानें माणसांकडेही त्याच सावधपणें पाहिलें, तर त्यांत आश्चर्य तें काय?

संक्रांतीनंतरचे तीन दिवस मुलगी पहाटे उठून लिहीत होती. घरांत तिच्याभोंवतीं कोणीं फिरूं नये, काय लिहितेस म्हणून विचारूं नये, असा आम्हीं दंडक घातला. तो पाळणें सर्वांत जड आम्हांसच गेलें. मोबाइल तिनें आपण होऊन आजीच्या उशाखालीं ठेवला होता. आजीस त्याचा उपयोग ठाऊक नसल्यामुळें तो तेथें सुरक्षित असे. मध्येंच एकदां तिनें येऊन सांगितलें, "काका, जमत नाहीं. पुण्याला गेल्यावर सावकाश पुरं करीन, मैत्रिणींना दाखवून मग ठरवीन." आम्हीं कांहीं उपदेश न करतां काव्यमीमांसेंतील एक जागा तिला वाचून अर्थ सांगितला. ग्रंथ कशाकशानें नाश पावतात, याची राजशेखरानें यादी दिली आहे : गहाण टाकणें, विकणें, दान देणें, देशत्याग, अल्पायुष्य, अग्नि, पाणी वगैरे. दारिद्र्य, व्यसन, उपेक्षा हींही आहेत. आणि त्यापुढें, पुन्हां केव्हां तरी पुरें करीन, पुन्हां केव्हां तरी सुधारीन, मित्रांबरोबर बसून विचार करीन, असा लिहिणाऱ्याचा जो घोळ तोही त्यानें राज्यांत बंडाळी माजण्याच्या जोडीला बसविला आहे. मुलगी मनापासून हसली. म्हणाली, "अकराशें वर्षांपूर्वीं पण लोक असंच करीत होते?" आणि परत जाऊन बसली. यादींत रद्दीवाल्याचें नांव नाहीं, हें आम्हांस वाचतांना जाणवलें. तें आम्ही बोललों नाहीं.

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तिनें गोष्ट वाचून दाखविली. आम्हांस नव्हे, आजीस. आम्ही बाहेरच्या ओसरीवर बसून ऐकलें. गोष्टींत शेवटीं मुली खुंट्या उपटतात, तेव्हां म्हातारी पदर डोळ्यांस लावून रडूं लागते, असें होतें. मातुश्रींना आतां दिसत फारसें नाहीं, परंतु कान तिखट आहेत. त्या म्हणाल्या, "ती रडायची नाहीं ग. ज्याचं घर जायचं असतं, तो परक्यापुढं रडत नाहीं. ती तुम्हांला चहा करील."

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजी, तिनं चहा केला होता. बिनदुधाचा. रोज करायची. मीं तेवढंच गाळलं."

"कां ग?"

"साधं वाटलं."

अडतीस वर्षें मराठी आणि संस्कृत शिकवून आम्हांस ही चूक दिसली नसती. आम्हीं "उपटल्या"मधला ट तपासला असता. मातुश्रींचें शिक्षण मराठी चवथीपर्यंत. परंतु त्यांचें माहेर १९६१ च्या पानशेतच्या पुरांत वाहून गेलें, त्या वेळीं त्यांनींही आलेल्या माणसांना चहाच करून दिला होता, हें त्यांनीं त्या संध्याकाळीं आम्हां सर्वांना प्रथमच सांगितलें. साठ वर्षांत आम्हीं कोणीं तें विचारलें नव्हतें. बंधु ओसरीवर आमच्या शेजारीं येऊन बसले होते. तेही मुकाट्यानें ऐकत राहिले. रात्रीं त्यांनीं मुलीस इतकेंच विचारलें, कीं ती वही संपली तर पुण्यास अशी मिळते का, कीं येथूनच घेऊन ठेवावी?

गोष्टीचा शेवट तिनें बदलला. एकंदर तीन वेळां लिहिली. खोडलेल्या ओळींवर एकेकच रेघ आहे, खालचें सर्व वाचतां येतें. पुण्यास परत जाण्याच्या आदल्या दिवशीं तिनें ती आमच्यापुढें ठेवून म्हटलें, "आतां शुद्धलेखन बघा काका. पेन्सिलीनं." चोवीस चुका निघाल्या. त्या आम्हीं दाखविल्या, आणि आकडा कोठेंही लिहिला नाहीं. महाविद्यालयाच्या वार्षिकाकडे तिनें ती धाडली आहे. छापतील न छापतील. तिच्या हातीं आतां दुसरेंच काम आहे.

तें असें. निघण्यापूर्वीं तिनें सहज विचारलें, "काका, माझी ती आडाची गोष्ट कुठं असेल?" आम्हीं खरें तें सांगितलें. सांगतांना मान वर करवली नाहीं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "असूं दे. मला आठवते. पण तेव्हां मीं आड कधीं मोजला नव्हता." लगेच माजघरांतून सुतळीचें बंडल आणि वरवंट्याएवढा एक दगड घेऊन ती परसांत गेली. आम्ही मागून गेलों. तिनें दगड सोडला, आम्हीं सुतळीला गांठी मारल्या. पाण्यापर्यंत सत्तावीस फूट भरले, तळापर्यंत एकेचाळीस. हे आकडे तिनें वहीच्या पानावर अगदीं तळाशीं लिहिले, आणि त्यांच्या वर दुसरी ओळ, तिच्यावर तिसरी. आम्हीं विचारलें, हें असें उफराटें कां? ती म्हणाली, "साखळीनं जमीन मोजतांना वही अशीच भरतात. खालून वर. आपण पुढं चालत असतों ना, मग उजवीकडचं उजवीकडं राहतं, डावीकडचं डावीकडं."

मग कठड्यावर वही टेकवून, पेन तोंडांत धरून ती विचार करूं लागली. थोड्या वेळानें म्हणाली, "काका, आड बाहेर पडल्यावर आधीं कुठं जाईल? नदीकडं, का नळाच्या टाकीकडं?"

"टाकीकडे," आम्हीं म्हटलें. "भांडण तिच्याशींच आहे."